डेटा सेंटर टाकू नका, त्याचा हिशेब शिका



मागे धुळ्याच्या बॅचमध्ये चहाच्या सुट्टीत दोंडाईचा बाजूचा एक तरुण फाइल घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "सर, मला डेटा सेंटर टाकायचंय." प्लॅन तयार होता. गावात दोन खोल्या, १० किलोवॅटचे सर्व्हर, चार एसी, छपरावर १० किलोवॅट सोलर आणि दारावर बोर्ड, 'खान्देशातलं पहिलं ग्रीन डेटा सेंटर'. भांडवल कुठून? वडिलांची तीन एकर जमीन तारण ठेवून.

मी विचारलं, वडील काय म्हणतात? तो हसला. "त्यांना काय कळतं सर. ते विचारतात, पानी कथाईन लयशी? पाणी कुठून आणशील म्हणे! त्यांना वाटतं डेटा सेंटरला पाणी लागतं."

मी म्हटलं, "भाऊ, तुझ्या फाइलमधल्या सगळ्या पानांपेक्षा तुझ्या वडिलांचा प्रश्न भारी आहे."

त्या दिवशी आम्ही जो हिशेब केला, तो आज तुमच्यासमोर मांडतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. खान्देशातल्या छोट्या उद्योजकाने कर्ज काढून डेटा सेंटर टाकू नये. पण डेटा सेंटर वीज आणि पाणी कसं वाचवतात, तो हिशेब मात्र जरूर शिकावा. कारण तो हिशेब आपल्याकडे विकला जाऊ शकतो, आणि त्याला सातबारा तारण ठेवावा लागत नाही.

क्लाउड आभाळात नसतो

तुम्ही दुकानात क्यूआर कोड लावता, बिलिंगचं सॉफ्टवेअर वापरता, व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेता. हा सगळा डेटा कुठेतरी एका इमारतीत, रॅकमध्ये लावलेल्या सर्व्हरवर बसलेला असतो. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पेमेंटचा डेटा भारतातच ठेवायला सांगितलं. त्याआधीच मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये, अमेझॉनने २०१६ मध्ये आणि नंतर गुगलने २०१७ मध्ये मुंबईत आपल्या क्लाउडचं बस्तान बसवलं होतं. २०२० मध्ये पनवेलला योट्टा कंपनीचं डेटा सेंटर सुरू झालं, एका इमारतीत ७,२०० रॅक मावतील एवढं.

हे सगळं मुंबई, नवी मुंबईतच का? समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या केबल वर्सोव्यासारख्या ठिकाणी किनाऱ्याला लागतात. बँका, शेअर बाजार, मोठे ग्राहक तिथे आहेत. ज्याला गिऱ्हाईक आणि माल दोन्ही दारात मिळतात, त्याच्याशी दोन खोल्यांतून स्पर्धा करायची नसते.

अजून एक गोष्ट. केंद्र सरकारने २०२२ मध्ये डेटा सेंटरला पायाभूत सुविधेचा दर्जा दिला, हे खरं आहे. रील बनवणारे तेवढंच सांगतात. पण तो दर्जा ५ मेगावॅटपेक्षा जास्त आयटी लोड असलेल्यांना आहे. आपल्या तरुणाचा प्लॅन १० किलोवॅटचा, म्हणजे त्या मर्यादेच्या पाचशेव्या भागाइतका. जी सवलत तुम्हाला लागूच नाही, तिच्या भरवशावर धंदा मांडायचा नाही.

पहिला आकडा: शंभर रुपयांतले कामाचे किती?

डेटा सेंटरवाले एक आकडा रोज बघतात. त्याचं नाव पीयूई, म्हणजे पॉवर युसेज इफेक्टिव्हनेस. ग्रीन ग्रिड नावाच्या संस्थेने २००७ च्या सुमारास तो रूढ केला. नाव मोठं, गणित सोपं. इमारतीत आलेली एकूण वीज भागिले सर्व्हर, स्टोरेज आणि नेटवर्कने प्रत्यक्ष वापरलेली वीज.

सर्व्हरने १० युनिट खाल्ले आणि एसी, यूपीएस, दिवे वगैरे मिळून अजून १० गेले, तर पीयूई २. म्हणजे कामाच्या प्रत्येक रुपयामागे एक रुपया वरखर्चाचा. जगभरच्या डेटा सेंटरची सरासरी २००७ मध्ये अडीचच्या आसपास होती. आज ती १.५५ ते १.६० मध्ये रेंगाळलीय, आणि गुगलसारख्या कंपन्या आपल्या सेंटरची सरासरी १.१ च्या आसपास सांगतात.

आता तरुणाच्या प्लॅनला हे लावू. १० किलोवॅटचे सर्व्हर वर्षभर चालले, तर १० गुणिले ८,७६० तास, म्हणजे ८७,६०० युनिट. पीयूई २ असेल तर एकूण १,७५,२०० युनिट. पीयूई १.५ वर आणला तर १,३१,४००. फरक ४३,८०० युनिटचा. गणित सोपं जावं म्हणून युनिट १० रुपये धरू, तुम्ही तुमच्या बिलावरचा दर टाका. वर्षाला ४ लाख ३८ हजार रुपये! आणि आपल्या देशाच्या ग्रिडवर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्या हिशेबाने ३० टनांच्या वर. म्हणजे पर्यावरणाचं काम आणि नफ्याचं काम इथे एकच आहे.

मी त्याला विचारलं, "तुझ्या फाइलमध्ये हा आकडा कुठेय?" नव्हता.

माझाच सर्व्हर रूम

आता माझी चूक सांगतो, कारण दुसऱ्याला शिकवायला सोपं असतं.

आमच्या जळगावच्या ऑफिसात वरच्या मजल्यावर एक छोटी खोली आहे. व्हिडिओ एडिटिंगचा सर्व्हर, स्टोरेज, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, सगळं तिथे. मी एसी १८ वर लावून ठेवला होता, चोवीस तास. मनात एकच, मशीन थंड तर धंदा सेफ. एका मे महिन्यात दुपारी लाइट गेली. यूपीएसवर सर्व्हर चालू राहिला, एसी बंद पडला. खोली भट्टीसारखी तापली आणि एक हार्ड डिस्क गेली. आठवडाभराचं शूटिंग त्यात होतं, बॅकअप घ्यायचं राहिलं होतं.

मग वायरमन बोलावून सब-मीटर लावले. दिवसाला सर्व्हर वगैरे १० युनिट, एसी २०, यूपीएसमध्ये वाया २. म्हणजे पीयूई ३.२. दुसऱ्यांना खर्चावर लक्ष ठेवा म्हणून सांगणाऱ्या माणसाच्या घरात हा कारभार!

उपाय काय केले? एसी २६ वर आणला. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून ऊन अडवणारं छप्पर केलं. रॅकमधल्या रिकाम्या फटी पत्र्याच्या पट्ट्यांनी बंद केल्या, म्हणजे मागची गरम हवा फिरून पुढे येत नाही. फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवायला लागलो. तापमान ठरावीक अंशाच्या वर गेलं की सर्व्हर आपोआप बंद होईल अशी सेटिंग केली. एसी २० वरून ९ युनिटवर आला. पीयूई २.१. अजून चांगला नाही, पण वर्षाला ४,००० युनिट वाचले. आणि बॅकअप आता रोज होतो.

सर्व्हरला थंडीची एवढी गरजच नसते. या क्षेत्रात ज्यांचं मार्गदर्शन प्रमाण मानतात, त्या अॅशरे संस्थेने २००८ पासूनच सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंश ही शिफारस ठेवलीय. आपण मात्र १८ वर हट्टाने बसतो आणि बिल भरतो.

दुसरा आकडा: कूलर की एसी?

आता वडिलांच्या प्रश्नाकडे येऊ. पाणी.

खान्देशातल्या माणसाला डेटा सेंटरचं सगळ्यात अवघड कोडं शिकवायची गरज नाही, ते आपल्या घरात असतं. उन्हाळ्यात कूलर लावायचा की एसी? कूलर वीज कमी खातो, पाणी पितो. एसी पाणी मागत नाही, मीटर पळवतो. डेटा सेंटरमध्ये याच दोन पद्धती मोठ्या आकारात असतात. एक, पाण्याचं बाष्प करून उष्णता उडवायची. दुसरी, कॉम्प्रेसर चालवून उष्णता बाहेर फेकायची.

कूलर आपल्याकडे मुंबईपेक्षा कितीतरी चांगला चालतो, हे मुंबईला गेलेल्या प्रत्येक जळगावकराला माहीत आहे. कारण आपली हवा कोरडी. मे महिन्यात ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर चांगल्या कूलरमधून हवा २७-२८ अंशांपर्यंत खाली येते. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत तीच हवा जेमतेम २९-३० वर येते. म्हणजे तिथे चार अंशांचा फरक, इथे सोळा-सतरा अंशांचा! आणि २७ म्हणजे सर्व्हरला चालणारी मर्यादा. हे वाचून कुणीही म्हणेल, मग डेटा सेंटर जळगावलाच हवं.

थांबा. कूलरच्या टाकीत पाणी कोण भरणार?

एक लिटर पाणी उडालं की साधारण पाऊण युनिटच्या आत, ०.६७ युनिटएवढी उष्णता नेतं. म्हणजे एक युनिट उष्णतेला दीड लिटर पाणी. १ मेगावॅटचे सर्व्हर दिवसाला २४,००० युनिट वीज घेतात आणि ती सगळी उष्णता बनून बाहेर पडते. सगळी पाण्यानेच उडवायची म्हटली तर दिवसाला ३६,००० लिटर. १० हजार लिटरचे साडेतीन टँकर. ५ मेगावॅटला १८ टँकर, ५० मेगावॅटला १८०. शिवाय क्षार साचू नयेत म्हणून फेकून द्यावं लागणारं पाणी वेगळं.

आता प्रामाणिक तुलना करू. उन्हाळ्यात केळीच्या एका झाडाला ठिबकवर दिवसाला साधारण २० लिटर पाणी लागतं आणि पाच बाय पाच फुटांवर एकरात सतराशेच्या वर झाडं बसतात. म्हणजे १ मेगावॅटला लागणारं पाणी हे साधारण एक एकर केळीचं पाणी. ५० मेगावॅट म्हणजे पन्नास एकर. रावेर-यावलच्या बागा बघता हा आकडा काही राक्षसी नाही. पण केळीला एखादा दिवस ताण चालतो, सर्व्हरला एक तासही चालत नाही. आणि त्याला सगळ्यात जास्त पाणी लागणार ते नेमकं मे महिन्यात, वाघूर धरण तळाला जातं तेव्हा. धुळ्यात नळाला किती दिवसांनी पाणी येतं, हे धुळेकरांना मी सांगायला नको.

म्हणून पीयूईच्या जोडीला दुसरा आकडा असतो, डब्ल्यूयूई. सर्व्हरच्या एका युनिटमागे किती लिटर पाणी. कुणी तुम्हाला नुसता झकास पीयूई दाखवला तर लगेच विचारा, पाणी किती? कूलर लावून वीज वाचवलेला माणूस पाण्याचं बिल दाखवत नसतो.

एसी लावला म्हणजे पाणी वाचलं?

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. एसी लावला तर तुमच्या नळाचं पाणी वाचतं, पण वीज कुठून येते ते बघा. भुसावळजवळचं दीपनगर औष्णिक केंद्र आपल्या जिल्ह्यातलंच. कोळसा जाळून वाफ करायची आणि ती पुन्हा थंड करायची, याला पाणी लागतं आणि ते तापीचंच येतं. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने २०१५ मध्ये जुन्या औष्णिक केंद्रांना मर्यादा घालून दिली, एका युनिटमागे जास्तीत जास्त साडेतीन लिटर.

आता १ मेगावॅटच्या उदाहरणाला हे लावा. एसी पद्धतीने तीन युनिट उष्णता काढायला साधारण एक युनिट वीज धरली, तर थंडाव्यासाठी दिवसाला ८,००० युनिट. कोळशाची वीज असेल तर त्या मर्यादेने २८,००० लिटर पाणी वीज केंद्रात गेलं. कूलरचं होतं ३६,०००. म्हणजे पाणी फारसं वाचलं नाही, फक्त तुमच्या अंगणातून दुसऱ्याच्या अंगणात गेलं.

आणि खरी गंमत पुढे आहे. सर्व्हर स्वतः जे २४,००० युनिट खातात, त्याचं पाणी मोजलं का? त्याच हिशेबाने ८४,००० लिटर. थंड करायच्या दोन्ही पद्धतींपेक्षा दुपटीहून जास्त! म्हणून मी जो क्रम सांगतो, तो वहीत लिहून ठेवा.

१. आधी काम कमी करा. रिकामे फिरणारे सर्व्हर बंद करा. दहा मशीनवरचं थोडं थोडं काम तीन मशीनवर एकत्र आणा. जुने, नको असलेले व्हिडिओ आणि फायली चार ठिकाणी ठेवू नका.

२. मग हवा. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा रात्री १० अंशांच्या खाली जातो. अशा वेळी कॉम्प्रेसर कशाला? धूळ गाळून बाहेरची हवा घ्या. मुंबईला ही सोय नाही, आपल्याला आहे.

३. मग सूर्य. थंडाव्याची गरज सगळ्यात जास्त दुपारी असते आणि सोलरही तेव्हाच जोरात असतं. सौर विजेवर एसी चालवला, तर मात्र पाणी खरोखर वाचतं.

४. पाणी शेवटी, आणि तेही वापरलेलं, शुद्ध केलेलं. नागपूरचं सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राला दिलं जातं. वीज केंद्राला चालतं, ते कूलिंग टॉवरला का चालू नये?

एक धोक्याची सूचनाही देतो. पहिल्या क्रमांकाचं काम केलं, की कधी कधी पीयूई बिघडलेला दिसतो. सर्व्हर कमी झाले, एसी तेवढाच राहिला, म्हणून भागाकार वाढला. घाबरू नका, बिल कमी झालं ना? आकडा आपल्या कामासाठी आहे, आपण आकड्यासाठी नाही.

पाटाने पाणी की ठिबकने?

जळगावने देशाला ठिबक शिकवलं. भवरलाल जैन यांनी उभी केलेली जैन इरिगेशन आपल्याच गावची. ठिबकचा विचार काय? सगळं रान भिजवू नका, मुळाशी पाणी द्या.

डेटा सेंटरमध्ये गेल्या वीस वर्षांत हेच झालं. पूर्वी सगळी खोली गार करायचे, म्हणजे मोकाट पाणी. मग रॅक समोरासमोर लावून गार हवेची गल्ली वेगळी आणि गरम हवेची गल्ली वेगळी केली, मध्ये पडदे किंवा दारं लावली. म्हणजे सऱ्या पाडल्या. आणि आता एआयच्या सर्व्हरमध्ये एकेका रॅकची भूक १०० किलोवॅटच्या वर गेलीय, तिथे हवा पुरतच नाही. म्हणून नळीतून द्रव थेट चिपच्या डोक्यावर नेतात. हेच झालं ठिबक. जगातली डेटा सेंटर २०२४ मध्ये एकूण विजेच्या दीड टक्का वीज घेत होती आणि आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाने २०३० पर्यंत हा वापर दुपटीहून जास्त होईल. एवढी वीज ओतायची तर मुळाशीच द्यावी लागणार.

'ग्रीन' बोर्डाचा हिशेब

आता तरुणाच्या बोर्डाकडे येऊ. छपरावरचं १० किलोवॅट सोलर आपल्याकडे दिवसाला सरासरी ४० युनिट देतं. त्याच्या डेटा सेंटरला पीयूई २ धरला तर दिवसाला ४८० युनिट लागणार. म्हणजे बारातला एक हिस्सा सूर्याचा, अकरा हिस्से ग्रिडचे. मग बोर्डावर 'ग्रीन' कसं लिहायचं?

मोठे लोकही हेच करतात, फक्त मोठ्या आकड्यात. दुपारी जादा सौर वीज ग्रिडला दिली, रात्री कोळशाची घेतली आणि वर्षाच्या शेवटी बेरीज समान दाखवून म्हणायचं, आम्ही शंभर टक्के हरित. वहीत हे बरोबर बसतं, पण रात्री दोन वाजता दीपनगरची चिमणी चालूच असते. खरा प्रश्न तासातासाचा आहे. या तासाला वापरलेली वीज या तासाला कुठे तयार झाली?

याबाबतीत धुळे जिल्हा नशीबवान आहे. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे आणि त्याच तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या फिरतात. ऊन दिवसा, आणि पावसाळ्यात वारा रात्रीही. ही जोडी जमवली तर तासातासाचा हिशेब बराच जुळतो. म्हणून उद्या नरडाण्याला किंवा जळगावला कुणी मोठं डेटा सेंटर आणायचं म्हणालं, तर मी विरोध करणार नाही आणि हारही घेऊन जाणार नाही. मी चार प्रश्न विचारीन. पाणी किती आणि कोणतं, पिण्याचं की शुद्ध केलेलं? रात्रीची वीज कुठली? डिझेल जनरेटर वर्षाला किती तास चालणार? आणि बांधकाम संपल्यावर इथल्या किती पोरांना काम? यातल्या प्रत्येक उत्तराला आकडा हवा.

मग आपला धंदा कुठे?

हाच प्रश्न तुम्ही विचारणार, मला माहीत आहे. त्या तरुणालाही मी हेच सांगितलं. तू डेटा सेंटर विकत घेऊ नकोस, डेटा सेंटरचं डोकं विकत दे. खान्देशात थंडाव्यावर पैसा जाळणारी ठिकाणं भरपूर आहेत. सावदा, फैजपूर, रावेरची केळी पिकवण्याची चेंबर, दूध शीतकरण केंद्रं, कोल्ड स्टोरेज, पतसंस्थांच्या आणि दवाखान्यांच्या सर्व्हर रूम. यातल्या किती जणांना माहीत आहे, की शंभर रुपयांच्या बिलात कामाचे किती आणि वाया किती?

• मोजणीची सेवा. सब-मीटर, तापमान नोंदणारी छोटी यंत्रं, पंधरा दिवसांची नोंद आणि एक पानाचा साधा अहवाल. भांडवल थोडं, पण इलेक्ट्रिकचं काम परवानाधारक माणसाकडूनच. पुढे जायचं तर ऊर्जा दक्षता ब्युरोची ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा आहे, तिच्या शिक्षणाच्या आणि अनुभवाच्या अटी आधी वाचा.

• देखभालीचा वार्षिक करार. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ आणि जिनिंगचा कापूस एसीच्या कंडेन्सरवर थर करून बसतो. तो साफ करणं, गॅस तपासणं, फटी बंद करणं. काम साधं आहे, नियमित करणारे कमी आहेत.

• छोटं उत्पादन. रॅकच्या फटी झाकणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या, गार आणि गरम हवा वेगळी ठेवणारे पीव्हीसीचे पडदे. जळगावला पीव्हीसी शिकवायची गरज नाही. मात्र सर्व्हर रूममध्ये आग न पकडणारंच मटेरियल द्या, स्वस्तातलं नको.

• ई-कचरा. जुने सर्व्हर, यूपीएस. पण याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणीशिवाय तोडफोड करायची नाही. नोंदणीकृत रिसायकलरशी करार करा, गोळा करून त्याच्याकडे पोचवा आणि ग्राहकाला पावती द्या.

काही जण म्हणतील, "सर, हे बारीकसारीक आहे, यात ग्लॅमर नाही." बरोबर आहे. पण गिऱ्हाइकाच्या बिलातून महिन्याला दहा हजार वाचवले आणि त्यातले तीन हजार मागितले, तर तो हसत देतो. हसत दिलेले पैसे पुढच्या महिन्यातही येतात. कर्जाचा हप्ता मात्र गिऱ्हाईक आलं नाही तरी येतो.

दुसरा आक्षेप, "एवढ्याशा बचतीने पृथ्वीला काय फरक पडणार?" माझं उत्तर असं, की तापीत पाणी आणि दीपनगरला कोळसा थेंबाथेंबाने, खड्याखड्याने कमी लागतो. आणि फरक पडो न पडो, तुमच्या बिलाला पडतोच.

शेवटी त्या फाइलचं काय झालं?

तरुण त्या दिवशी जरा नाराज होऊन गेला. पण नंतर त्याचा फोन आला. जमीन तारण ठेवली नाही. ओळखीच्या एका पतसंस्थेच्या सर्व्हर रूममध्ये त्याने सब-मीटर लावला होता आणि आकडे वाचून दाखवत होता. आवाजात तोच उत्साह. मी विचारलं, वडिलांना सांगितलंस का, त्यांचा प्रश्न बरोबर होता म्हणून? तो म्हणाला, "सांगितलं सर. ते म्हणे, मग बिल किती कमी झालं ते सांग."

हे वडील कधी माझ्या बॅचला आले, तर मी त्यांची फी घेणार नाही.

आता तुमचा गृहपाठ. या आठवड्यात तुमच्या दुकानात, वर्कशॉपमध्ये, ऑफिसात सगळ्यात जास्त वीज कोण खातं ते शोधा. त्याला सात दिवस सब-मीटर लावा. एकूण युनिट भागिले कामाचे युनिट, हा भागाकार वहीच्या पहिल्या पानावर लिहा. शेजारी दुसरा आकडा, दिवसाला पाणी किती लिटर. फक्त हे दोन आकडे. नवं मशीन, नवं कर्ज, नवा बोर्ड, याचा विचार त्यानंतर.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत एसी २६ वर ठेवा.